अम्मीने नमाजबद्दल विचारलं होतं

अम्मीला पहिल्यांदा रक्त दिसलं ते २०२४ च्या रमजानच्या आधी. पाळी जाऊन वीस वर्षं उलटून गेली होती आणि वय सत्तरीला टेकलं होतं. तिने फोन केला, पण मला नाही. घरात भाभी होती, तिलाही काही सांगितलं नाही. फोन केला गावातल्या आलिमा आपांना. विचारलं काय, तर असं असताना नमाज होते का आणि रोजे धरता येतात का.

आपांनी दिलेलं उत्तर बरोबर होतं, हे आधीच सांगते. पाळीचं आणि बाळंतपणाचं रक्त सोडून बाईला जे रक्त जातं, त्याला फिकहमध्ये इस्तिहाजा म्हणतात. त्यात नमाज माफ नाही आणि रोजाही माफ नाही. दर नमाजच्या वेळेला नवा वुजू करायचा आणि पढायची. हदीसमध्ये याचा किस्साच आहे. फातिमा बिन्त अबी हुबैश नावाच्या सहाबियांनी प्रेषितांना (स.) विचारलं होतं की माझं रक्त थांबतच नाही, तर नमाज सोडू का? त्यांना सांगितलं गेलं की ही पाळी नव्हे, हे शिरेचं रक्त आहे. चौदाशे वर्षांपूर्वी एक बाई हे उघडपणे विचारू शकली. माझ्या अम्मीला २०२४ मध्ये स्वतःच्या मुलीला सांगता आलं नाही.

मसला कळला आणि अम्मीचं समाधान झालं. अख्खा रमजान तिने रोजे धरले, तरावीह पढली, प्रत्येक अजानला वेगळा वुजू केला. कपडा रात्री धुवायची आणि गच्चीवर दोरीला ओढणीखाली वाळत घालायची. बकरी ईदला मी माहेरी गेले, तेव्हा रात्री दीड वाजता न्हाणीत पाण्याचा आवाज आला म्हणून उठले.

“क्या हुआ अम्मी?”

“कुछ नै. तू सो.”

पण बादलीतलं पाणी लाल होतं. मग न्हाणीच्या उंबऱ्यावर बसूनच आम्ही बोललो. चार महिने झाले होते. रोज नाही, कधी आठवड्यातून एकदा, कधी नुसता डाग. “बुढापे में होता हुंगा बोलके चुप बैठी,” ती म्हणाली. “किसकू बोलूं? तेरे भाई कू बोलूं?”

मी शिक्षिका आहे. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, वरच्या वर्गांना उर्दूही घेते. बीएडला बालमानसशास्त्रापासून शालेय आरोग्यापर्यंत सगळं वाचलं. तरी त्या रात्री अम्मीला पुढचा प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा, हे मला सुचत नव्हतं. योनी, गर्भाशय हे मराठी शब्द मी वहीत लिहिलेत, तोंडाने कधी अम्मीसमोर उच्चारले नाहीत. घरातला शब्द ‘बच्चेदानी’. गावातल्या मराठी बायकांचा शब्द ‘पिशवी’. आणि उर्दूत ‘रेहम’. हा शब्द आणि दया या अर्थाचा ‘रहम’ लिहिताना अगदी एकसारखे, रे-हे-मीम. नातेवाईक धरून राहण्याला आपण सिला-रहमी म्हणतो, तेही याच शब्दावरून. वर्गात सिला-रहमी शिकवताना मी मूळ अर्थ नेहमी गाळत आलेय. आमच्या शाळेत दहावीचा प्रजननाचा धडा ‘घरी वाचून या’ म्हणून संपतो आणि मी स्टाफरूममध्ये त्या सरांवर हसत असते. हसायचा हक्क मला तरी कुठे होता!

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरकडे चल म्हटलं, तर अम्मी ठाम. तिच्याकडे दोन कारणं होती आणि दोन्ही वेडगळ नव्हती.

पहिलं कारण म्हणजे “मेरी वो जांच हुई थी ना, जीपवाल्या बायां आई थी तब. कुछ नै निकला था.” आमचं गाव तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं. १९९९ च्या अखेरीपासून या जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या बायकांची फार मोठी तपासणी झाली होती. १ लाख ३१ हजारांहून जास्त बायका त्या अभ्यासात होत्या. बार्शीचं कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचं टाटा त्यामागे होतं. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आला. ज्या गावांत एचपीव्ही या विषाणूची एकदाच चाचणी झाली, तिथे त्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. जगभर आजही त्या अभ्यासाचं नाव घेतात. अम्मी तेव्हा सेहेचाळीसची. तिची ब्रशची चाचणी झाली की व्हिनेगर लावून बघितलं, हे तिला आठवत नाही. ‘सब अच्छा है’ असं सांगितलेलं मात्र पक्कं आठवतं.

पण ती तपासणी गर्भाशयाच्या मुखाची होती. पिशवीचं तोंड आणि पिशवीचा आतला भाग, या दोन ठिकाणचे कॅन्सर वेगळे. मुखाचा बहुतेक त्या विषाणूमुळे होतो आणि आधी कळू शकतो. आतल्या अस्तराच्या कॅन्सरला अशी घरोघर जाऊन करायची चाचणी नाही. त्याची खूण एकच, आणि ती अम्मीच्या बादलीत होती. तपासणीवाल्यांचा यात काही दोष नाही. पण ‘पिशवीची जांच झाली’ एवढं एकच वाक्य अम्मीने वीस-पंचवीस वर्षं ताईतासारखं जपलं होतं.

दुसरं कारण भीती. डॉक्टर म्हणजे ‘पिशवी काढा’. आमच्या भागात, शेजारच्या बीडमध्ये तर जास्तच, तिशीच्या आतल्या बायकांच्या पिशव्या काढलेल्या आहेत. पांढरं जातंय, कंबर दुखतेय म्हणून बाई गेली, की ‘पिशवीला सूज आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल’. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं हे प्रकरण २०१९ मध्ये गाजलं आणि सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यातल्या १३ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं निघालं. अम्मीच्या चुलत बहिणीची मुलगी अठ्ठाविसाव्या वर्षी अशीच ‘मोकळी’ झाली. चाळिशीत तिची हाडं दुखतात, जिना चढवत नाही. तिलाही कॅन्सरच सांगितला होता. नुसता धाक घालायला तो शब्द इतक्यांदा वापरला गेला, की खऱ्या कॅन्सरचं नाव घेणाऱ्यावर अम्मीने विश्वास तरी का ठेवावा?

शेवटी तालुक्याच्या गावी गेलो. सोनोग्राफी झाली. “अस्तर साडेतीन मिलिमीटर. एकदम पातळ आहे. काळजीचं कारण नाही, थोडी सूज आहे,” असं सांगून एकवीस दिवसांच्या गोळ्या दिल्या. अम्मी विजयी चेहऱ्याने माझ्याकडे बघत होती. मीसुद्धा सुटकेचा श्वास सोडला, खोटं कशाला बोलू. रक्त थांबलंही. ऑगस्टमध्ये परत सुरू झालं. मग मी शाळेतून रजा काढून तिला शहरात माझ्याकडेच आणलं आणि एका बाई डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी जुना कागद पाहिला आणि म्हणाल्या, “पाळी गेल्यावर पुन्हा पुन्हा रक्त जातंय ना, मग अस्तर कितीही पातळ असू दे, तुकडा तपासायलाच हवा.” क्युरेटिंग झालं, तुकडा लॅबला गेला.

रिपोर्ट भावाने आधी वाचला. दवाखान्याच्या जिन्यातून त्याचा फोन. आवाज फुटत नव्हता. “बाजी, रिपोर्ट में सीधा सिरियस लिखेला है.” मी धावत गेले. ‘सिरियस’ नव्हतं, ‘सीरस’ होतं. सीरस कार्सिनोमा. रक्तातलं पाण्यासारखं पातळ द्रव असतं, सीरम, त्यावरून आलेला शब्द. मी शिक्षिकेच्या सवयीने त्याला स्पेलिंग समजावलं आणि तो शांत झाला. दोन दिवसांनी कळलं की त्याचं चुकीचं वाचनच जास्त बरोबर होतं.

पुढे कॅन्सरच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं, ते आणि नंतर मी वाचलेलं मिळून माझ्या शब्दांत सांगते.

गर्भाशयाच्या अस्तराचा जो नेहमीचा कॅन्सर, तो बहुतेक वेळा इस्ट्रोजेन या संप्रेरकावर वाढतो. वजन जास्त, मधुमेह, मूल न झालेलं, अशा बायकांत त्याचा धोका अधिक. अस्तर आधी जाड होत जातं, रक्त लवकर जातं, आणि बहुतेकींचा रोग पिशवीतच असताना सापडतो. पिशवी काढली की बऱ्याच जणी बऱ्या होतात. १९८३ मध्ये लेनिनग्राडच्या बोखमान नावाच्या डॉक्टरांनी मांडलं की याशिवाय दुसरा एक गट आहे. त्याचा इस्ट्रोजेनशी फारसा संबंध नाही. तो जास्त वयाच्या, सडपातळही असू शकणाऱ्या बायकांत होतो आणि स्वभावाने आक्रमक असतो. सीरस हा त्या दुसऱ्या गटातला मुख्य. वेगळा आजार म्हणून त्याचं वर्णन होऊनही तेव्हा एकच वर्ष झालं होतं, १९८२ मध्ये. अस्तराच्या कॅन्सरमध्ये याचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास, पण त्या कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंमध्ये चाळीस टक्क्यांच्या जवळपास. हे दोन आकडे मी एकाखाली एक लिहून ठेवले होते आणि रात्री त्यांच्याकडेच बघत बसायचे.

साडेतीन मिलिमीटरचं कोडंही इथेच सुटलं. नेहमीचा कॅन्सर जाड अस्तरात उगवतो, म्हणून जाडी मोजायची पद्धत पडली. चार मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेक बायकांना खरंच काही नसतं. सीरस मात्र म्हातारपणी सुकलेल्या, पातळ अस्तरातूनच उगवतो. पेशीची वाढ ताब्यात ठेवणारं पी-५३ नावाचं जनुक असतं, ते यातल्या बहुतेक गाठींमध्ये बिघडलेलं असतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी जाडी मोजली, ती चूक नव्हती. रक्त का जातंय हे न शोधता ते गोळ्यांनी बंद केलं, ती चूक होती. आणि मी मान डोलावून आले, ती माझी.

अम्मीला हे सगळं सांगायचं कोण? भाऊ म्हणाला, सांगूच नको. डॉक्टर म्हणाले, सही त्यांची लागेल. मग मी बसले. जनुक, संप्रेरक हे शब्द बाजूला ठेवले. म्हटलं, अम्मी, एक पीक असतं, ते बांधापर्यंत वाढतं, दिसतं, उपटता येतं. आणि एक गाजर गवत असतं. बांधाच्या आत वीतभर दिसतं, पण त्याचं बी आधीच वाऱ्याने शेजारच्या रानात गेलेलं असतं. तुझं दुसऱ्या जातीचं आहे. या कॅन्सरच्या पेशी नळ्यांमधून बाहेर पडून पोटात कुठेही पडू शकतात, पिशवीच्या भिंतीत रोग फारसा शिरला नसला तरी. म्हणून नुसती पिशवी काढून भागत नाही. दोन्ही अंडाशयं, नळ्या, काही गाठी आणि पोटातला चरबीचा पडदाही काढतात.

“कौनसा परदा?”

मी अडकले. मग आठवलं. “कुर्बानीचा बकरा सोलल्यावर पोटावर जाळीसारखी पांढरी चादर निघते ना, ती.”

“हां, वो,” अम्मी म्हणाली. तिला सगळं कळलं. पन्नास ईदा तिने ती चादर हाताने वेगळी केली होती. ती खूप वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “निकालने दे. अब उसका क्या काम है.” आणि थोड्या वेळाने, “डाक्टर आदमी है क्या?” होता. “जान बचाने कू परदा नै रहता,” असा निकाल तिनेच दिला. या वेळी आपांना फोन केला नाही.

ऑक्टोबरमध्ये ऑपरेशन झालं. रोग पिशवीच्या भिंतीत थोडासा शिरला होता, बाकी कुठे सापडला नाही. चरबीची चादर स्वच्छ होती. एका डॉक्टरांनी पहिली स्टेज म्हटलं, दुसऱ्यांनी दुसरी, आणि भाऊ पुन्हा घाबरला. दोघंही बरोबर होते. आधीच्या नियमाने ती पहिली स्टेज होती. २०२३ मध्ये जागतिक संघटनेने नियम बदलला. आक्रमक जातीचा रोग भिंतीत जरासाही गेला असेल, तर तो दुसऱ्या स्टेजमध्ये धरायचा. रोग तेवढाच, पण तो कोणत्या जातीचा आहे याचं वजन आता धरतात. गाठीवर हर-टू नावाचं प्रथिन आहे का, हेही तपासलं. ते असेल आणि रोग पसरलेला असेल, तर स्तनाच्या कॅन्सरमध्ये देतात ते ट्रास्टुझुमॅब औषध केमोसोबत दिल्याने फायदा होतो, असं २०१८ च्या एका चाचणीत दिसलं होतं. अम्मीचं निगेटिव्ह आलं. तो रस्ता बंद.

नोव्हेंबरपासून दर तीन आठवड्यांनी केमो, सहा वेळा. योजनेच्या कागदपत्रांबद्दल लिहायला बसले तर दुसरा लेख होईल. रेशनकार्डावर अम्मीचं नाव एक आणि आधारवर दुसरं, एवढंच सांगते. ज्यांच्या घरात नावं उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत गेली आहेत, त्यांना पुढचं सांगायला नको.

केस दुसऱ्या केमोनंतर गेले. अम्मी कायम डोक्यावर पदर घेणारी, त्यामुळे मोहल्ल्यात कुणाला पत्ता लागला नाही. पण भुवया गेल्या, तेव्हा शेजारची खाला टक लावून बघायला लागली. ‘क्या हुआ आपा’ विचारल्यावर अम्मीने पहिल्यांदा सरळ सांगितलं, “बच्चेदानी का कॅन्सर.” खालाने पटकन इकडेतिकडे पाहिलं, कुणी पुरुष ऐकत नाही ना म्हणून. स्तनाचा कॅन्सर आता टीव्हीवर येतो. हा अजून कुजबुजीतच आहे.

पांढऱ्या पेशी कमी झाल्याने एक केमो पुढे गेला आणि शेवटचा नेमका २०२५ च्या रमजानमध्ये आला. अम्मी रोजा धरायला निघाली. मी भांडले. आजाऱ्याला सूट आहे, हे तिनेच मला लहानपणी शिकवलं होतं, ते तिला ऐकवलं. ती म्हणाली, मागच्या वर्षी एवढं रक्त जात असतानाही धरले होते. मला काही बोलता आलं नाही. ते रोजे तिला अजून आनंद देतात, आणि मला त्याच दिवसांचा हिशेब छळतो. त्या वर्षी तिने रोजे धरले नाहीत, फिदिया दिला. सहरीला मात्र उठून सगळ्यांसोबत बसायची.

एप्रिलमध्ये आतून द्यायच्या शेकाच्या तीन वेळा झाल्या. त्यानंतर आपा भेटायला आल्या. येऊन नुसत्या बसल्या. “मुझे पूछना था,” एवढंच म्हणाल्या. अम्मीने त्यांचा हात धरला. “मैंने आप से नमाज का पूछा था, बीमारी का कब पूछा?” जाताना आपा मला दारात म्हणाल्या, जुमेरातच्या इज्तेमात येऊन बायकांना सांगशील का?

गेले. चाळीसेक बायका होत्या. मी आधी गर्भाशय म्हटलं, मग रेहम म्हटलं, मग बच्चेदानी म्हटल्यावर हशा पिकला. चित्र काढून तोंड कुठलं आणि आतला भाग कुठला ते दाखवलं. घाबरवायचं नव्हतं, म्हणून खरा आकडा दिला. पाळी गेल्यावर रक्त गेलेल्या दहा बायकांतल्या साधारण नऊ जणींना कॅन्सर नसतो. पण अस्तराचा कॅन्सर असलेल्या दहांतल्या नऊ जणींना आधी रक्त गेलेलं असतं. दुसरं वाक्य मला दोनदा सांगावं लागलं. पिशवी काढा असं कुणी म्हणालं, तर आधी तुकड्याचा रिपोर्ट मागा, हेही सांगितलं. त्यावर मागून एकीने विचारलं, रिपोर्ट मागितला तर डॉक्टर चिडणार नाहीत का? चिडतील, मी म्हटलं.

सगळ्या गेल्यावर एक बाई चपला शोधत रेंगाळली. बासष्ट वर्षांची, मुलगा दुबईला. तिला दोन महिने डाग जात होता. मीच तिला घेऊन गेले. तिचा कोंब निघाला, पॉलिप म्हणतात तो, साधा. ती नऊ जणींतली. त्या दिवशी तिच्यापेक्षा मीच जास्त रडले आणि ती मलाच पाणी देत होती.

अम्मीची दर तीन महिन्यांनी तपासणी असते. हा रोग परत येतो तेव्हा बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो, हे तिला माहीत आहे. मी सांगितलेलं नाही, तिने डॉक्टरांना स्वतः विचारलं. केमोमुळे बोटांची टोकं बधिर झालीत. तस्बीहचे मणी हाताला लागत नाहीत, दोन-दोन सुटतात. म्हणून आता ती बोटांच्या पेरांवर मोजते, डोळ्यांनी बघत. मधे विसरली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. पुढची तारीख या महिन्याच्या बावीसला आहे, त्या दिवशी शाळेत घटक चाचणी आहे, आणि रजेचा अर्ज मी कालच देऊन आले.